उष्णतेची मोट

कोयनानगर येथे अडविलेले कोयनेचे पाणी शिवसागर नावाच्या विस्तीर्ण जलाशयात साठते. त्यातील बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे नेलेले आहे. सह्याद्रीच्या पलीकडे, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे, ते सुमारे ४७५ मीटर खाली कोसळते आणि भूमिगत वीजगृहातील चक्रे फिरविते. १९६२ साली तेथे वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. वरून खाली धावणे हा पाण्याचा स्वभाव आहे, आणि त्या स्वभावाचाच लाभ घेऊन माणसाने त्याला कामास जुंपले आहे.

परंतु पाणी खालून वर आणावयाचे असेल तर? तेथे माणसाला स्वतः कष्ट करावे लागतात. सातारा-सांगलीकडील मळ्यांत पूर्वी पहाटेच मोटेची कुरकुर सुरू होई. रिकामी मोट विहिरीत उतरे, बुडून भरे. बैल धावेवरून उतरत तिला वर ओढीत. थारोळ्यात तिचे पाणी ओतले जाई आणि पाटाने ते पिकाकडे जाई. बैल मागे सरले की रिकामी मोट पुन्हा विहिरीत! मोट तीच, बैल तेच. पाणी मात्र प्रत्येक खेपेस नवे.

उष्णतेचेही पाण्यासारखेच आहे. ती आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. ओट्यावर ठेवलेले तापलेले दूध निवते, म्हणजे त्यातील उष्णता भोवतालच्या हवेत जाते. ओट्यावरचे गार दूध आपण होऊन अधिक गार झाल्याचे मात्र कोणी पाहिले आहे काय? वैशाखात, बाहेर उन्हाचा वणवा पेटला असता, एका पेटीतील उष्णता काढून ती अधिक उष्ण अशा हवेत टाकावयाची असेल, तर तेथेही मोट हवी आणि बैलही हवेत. घरोघरी ज्याला फ्रीज म्हणतात ते शीतकपाट अशीच एक मोट आहे. शीतकपाट थंडी निर्माण करते, ही समजूत खरी नव्हे. ते आतील उष्णता उपसून बाहेर टाकते, एवढेच.

ही उपसणी कशी होते, हे समजण्यास मातीचा माठ पुरेसा आहे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी उष्णता लागते, आणि ती माठातील पाण्यातूनच घेतली जाते. नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढी उष्णता काढून घेतली, तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड होईल. उडून गेलेली वाफ मात्र माठाला परत मिळत नाही, म्हणून त्यात पुन्हा पाणी भरावे लागते.

शीतकपाटाने माठाला येथेच मागे टाकले. त्याच्या नळ्यांत एक विशेष द्रव कायमचा कोंडलेला असतो. त्याची वाफ बाहेर न जाता पुन्हा द्रव होऊन परत येते. ही किमया दाबाची आहे. समुद्रकाठी पाणी १०० अंशांवर उकळते, पण महाबळेश्वरी हवेचा दाब कमी असल्याने ते ९५-९६ अंशांवरच उकळू लागते. दाब कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो. दाब वाढविला की वाफेचा द्रव अधिक तापमानालाही होऊ शकतो. कपाटातील द्रव तर असा की, साध्या हवेच्या दाबाखालीही तो शून्याच्या बऱ्याच खाली उकळतो. आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या सुमारास, तर त्यापूर्वी सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा पदार्थ उणे २६ अंशांच्या सुमारास.

बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या नळीत हा द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि आतील उष्णता पिऊन घेतो. येथे मोट भरली. मग कपाटाच्या तळाशी बसविलेला कॉम्प्रेसर ती वाफ शोषून जोराने दाबतो. हेच आपले बैल. दाबलेली तप्त वाफ मागील काळ्या जाळीत शिरते. तेथे ती खोलीतील हवेला उष्णता देऊन द्रव होते, हे थारोळे. तेथून एका केसासारख्या बारीक नळीतून द्रव पुन्हा आत येतो, त्याचा दाब एकाएकी उतरतो, आणि रिकामी मोट विहिरीत पोचते.

उकाडा असह्य झाला म्हणून शीतकपाटाचे दार उघडे ठेवले, तर खोली थंड होईल काय? मुळीच नाही. समोरून जेवढी उष्णता काढली, तेवढी मागील जाळीतून त्याच खोलीत परत येईल. शिवाय कॉम्प्रेसरने खर्चिलेली वीजही उष्णता होऊन तीत मिसळेल. दार उघडे ठेवणाराच अखेरीस अधिक घामाघूम व्हावयाचा!

या तत्त्वावरील यंत्राचे एकस्व जेकब पर्किन्स याने लंडनमध्ये १८३४ साली घेतले. पुढे १८५२ साली विल्यम टॉमसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की अशी मोट उलट दिशेनेही चालविता येईल. बाहेरच्या थंड हवेतील उष्णता उपसून घर उबदार करता येईल. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराचे सभागृह १९३८ साली लिमाट नदीच्या थंड पाण्यातून उपसलेल्या उष्णतेने ऊबदार केले गेले. अशा यंत्राला ‘उष्णतेचा पंप’ म्हणतात. आपल्याकडील वातानुकूलन यंत्र आणि शीतकपाट ही त्याचीच भावंडे.

उष्ण प्रदेशात मात्र या भावंडांचे हाल फार. विहीर जितकी खोल, तितके बैलांचे श्रम अधिक. पौषात खोलीचे तापमान २० अंश असते आणि कपाटात ५ अंश हवे असतात. तेव्हा उष्णता १५ अंश वर चढवावयाची. वैशाखात खोली ३८ अंशांवर गेली की तीच चढण ३३ अंशांची होते. विहीर दुपटीहून खोल झाली! त्यातच पुष्कळ घरांत कपाट भिंतीला चिकटवून, शेगडीच्या शेजारी किंवा पश्चिमेच्या उन्हात ठेवलेले असते. उन्हाळ्यात विजेचा दाबही अनेक ठिकाणी उतरतो. २३० व्होल्टवर चालावयाची मोटर १७० वर सुरू होऊ पाहते, अडते, तापते आणि संरक्षक कळ ‘टक्’ असा आवाज करून तिला बंद पाडते. असे वारंवार झाले की मोटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

आता अशी एक मोट नादुरुस्त झाली असता तिचे दुखणे कसे ओळखावे, हे कोयनानगरमधील एका घराच्या उदाहरणाने पाहू. घरात आजोबा, आजी आणि सातवीत शिकणारी नात. आजोबांचे बालपण सांगली जिल्ह्यातील एका मळ्यावर गेलेले. पुढील आयुष्य कोयना प्रकल्पाच्या नोकरीत. आजीला मधुमेह, त्यामुळे रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागे. एका चैत्रात आजीच्या रक्तातील साखर वाढू लागली. औषधाचे प्रमाण तेच, आहार तोच. आरोग्य केंद्रातील परिचारिकेने अनेक प्रश्न विचारले, त्यांतला एक असा होता : “आजी, औषधाच्या बाटल्या कुठं ठेवता?”

“फ्रीजमध्येच की,” आजी म्हणाली.

“तो नीट थंड होतो का, ते पाहिलंत?”

ते कोणीच पाहिले नव्हते. दिवा लागत होता, घरघर ऐकू येत होती. तेव्हा यंत्र ठीक आहे, असे सर्वांनी धरून चालले होते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ते गोठले तर निकामी होते, आणि दीर्घकाळ उष्णतेत राहिले तर त्याचे बळ घटते. गंमत अशी, की बळ घटलेले औषध डोळ्यांना पुष्कळदा पूर्वीसारखेच दिसते. साखर वाढण्यास इतरही अनेक कारणे असतात. तरी डॉक्टरांनी शंकेस जागा नको म्हणून जुन्या बाटल्या बाद केल्या आणि नव्या दिल्या.

नव्या बाटल्या ठेवाव्यात कोठे? आरोग्य केंद्रात लसींचे शीतकपाट होते, पण त्यात लसींखेरीज काहीही ठेवू नये असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. तेव्हा न उघडलेल्या बाटल्या औषधविक्रेत्याच्या शीतकपाटात राहिल्या आणि वापरातील एक बाटली घरी आली. तिच्यासाठी आजोबांनी मातीची दोन भांडी घेतली, एकात दुसरे ठेवले, मधल्या जागेत वाळू भरून ती भिजविली आणि वर ओले फडके घातले. बाटली कोरड्या डबीत घालून आतल्या भांड्यात ठेवली. वापरातील बाटली थोडे आठवडे साध्या तापमानाला चालते, पण चैत्रातील दुपारचे तापमान तिला सोसणारे नव्हते. हा जुना माठाचा उपाय तिला पुरला.

मग नातीने तपासाला हात घातला. पेलाभर पाण्यात तापमापक ठेवून तो तिने कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवला. हवेचे तापमान दार उघडताच बदलते. पाण्याचे तसे चटकन बदलत नाही, म्हणून पाणी घेतले. सकाळी पारा १३ अंशांवर होता, आणि दुपारी चारला २१ अंशांवर. वहीत दोन्ही आकडे लिहिले गेले.

आजोबा म्हणाले, “मळ्यात पाणी पोचलं नाही, तर आम्ही आधी बैलांना दोष देत नसू. पाट फुटलाय का, ते आधी बघायचं.”

कपाटाचा फुटका पाट म्हणजे दाराची रबरी पट्टी. कागदाचा कपटा दारात धरून दार लावले आणि ओढले. चांगली पट्टी कागद घट्ट धरून ठेवते. तीन बाजूंना तो अडला. बिजागरीजवळच्या कोपऱ्यात सहज निसटला. पट्टी कोमट पाण्याने पुसून सरळ केली. नंतर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. मागील जाळीवर वर्षानुवर्षांची धूळ गोधडीसारखी बसली होती. यंत्राची वीज काढून ती मऊ ब्रशाने झाडली. तुंबलेले थारोळे मोकळे झाले. दुसऱ्या सकाळी पारा १२ अंशांवर आला. फक्त एक अंश! दोष होते, पण मुख्य दोष दुसराच होता.

नातीने आणखी एक मोजमाप केले. घरातील इतर सर्व दिवे-पंखे थोडा वेळ बंद ठेवून तिने विजेच्या मीटरवरील लाल दिवा पाहिला. मीटरवर लिहिले होते की दिवा ३२०० वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट. पाव तासात तो ८० वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला ३२०, अर्थात युनिटाचा दहावा भाग. कॉम्प्रेसर तर क्षणभरही थांबत नव्हता. दिवसाचे २४ तास धरता २.४ युनिटे झाली! निरोगी यंत्र मधूनमधून विसावा घेते. हे बिचारे रात्रंदिवस राबत होते आणि तरीही काम उरकत नव्हते.

पाटणहून कारागीर आला, तेव्हा त्याच्यापुढे ही वही ठेवण्यात आली. त्याने ती लक्षपूर्वक वाचली, आणि कारागिरांत असा गुण दिसला की निम्मे काम झाले असे समजावे. त्याने प्रथम विजेचा दाब मोजला. तो २२५ व्होल्ट होता, म्हणजे दोष तेथे नव्हता. मागील जाळीला हात लावला, तर वरचा भाग जेमतेम कोमट आणि खालचा थंड. बर्फाच्या कप्प्यात केवळ नळीच्या तोंडाशी वीतभर हिम, बाकीचा पृष्ठभाग कोरडा. कॉम्प्रेसर चालतो, पण जाळी तापत नाही आणि हिम पसरत नाही. याचा अर्थ नळ्यांतील द्रव कमी झाला आहे. बैल धावत होते, पण मोटच चहाच्या पेल्याएवढी झाली होती.

“मागच्या दोन उन्हाळ्यांत गॅस भरून घेतला होता,” आजोबा म्हणाले.

“भरणाऱ्यानं गळती शोधली होती का?”

“नाही.”

येथे पुष्कळ लोकांची फसगत होते. कंदिलातील तेलाप्रमाणे हा वायू जळून संपत नाही. बंद नळ्यांत तो तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला, याचा अर्थ कोठेतरी छिद्र आहेच. आणि छिद्र न बुजविता वायू भरणे म्हणजे फाटकी मोट नव्याने भरणे होय. छिद्र पुष्कळदा घरच्याच हातून पडते. बर्फ सुरीने खरवडताना कप्प्याची पातळ ॲल्युमिनियमची नळी भोसकली जाते. बर्फ साचल्यास यंत्र बंद करून तो आपोआप वितळू द्यावा.

कारागिराने उरलासुरला वायू हवेत सोडला नाही. एका नळकांड्यात ओढून घेतला. यामागे मोठा इतिहास आहे. पूर्वी या यंत्रांत क्लोरीन असलेले वायू असत. ते अदाह्य व बिनविषारी म्हणून १९२८ नंतर त्यांचे फार कौतुक झाले. परंतु ते आकाशात उंच गेल्यावर सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थराचा नाश करतात, असा इशारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला. १९८७ साली माँट्रियल येथे त्यांच्यावर निर्बंध घालणारा करार झाला. त्यांच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण पृथ्वी तापविण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक प्रभावी आहे. या कपाटात तोच होता.

मग कारागिराने नळ्यांचे भाग वेगळे करून प्रत्येकात दाबाने नायट्रोजन भरला आणि दाबमापक लावून ठेवला. मागील जाळीचा दाब टिकला, बर्फाच्या कप्प्याचाही टिकला. दाराच्या चौकटीतून फिरणाऱ्या नळीचा दाब मात्र तासाभरात उतरला. ही नळी मुद्दाम तेथून नेलेली असते. तिच्या उबेने चौकटीवर घाम साचत नाही. पण ती पोलादाची आणि कपाटाच्या अस्तरात पुरलेली. कोयनानगरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने भिंतींनाही पाझर फुटतो. सतरा वर्षांत त्या ओलाव्याने नळी आतल्या आत गंजली होती.

“ही नळी वगळून जोडता येईल,” कारागीर म्हणाला, “पण पावसाळ्यात चौकट घामेजेल. आणि अजून एक गोष्ट बघायची आहे.” त्याने कॉम्प्रेसरच्या तोंडाला दाबमापक लावला. काटा अर्ध्यावर येऊन थांबला. अपुऱ्या वायूवर महिनोन्महिने अखंड चालल्याने यंत्राची अंतर्गत झीज झाली होती. थंड वाफ परत येऊन मोटरीला निववीत असते, तीही पुरेशी येत नव्हती.

आजोबा काही वेळ त्या काट्याकडे पाहत राहिले. “मोट शिवता आली असती,” ते म्हणाले, “पण बैलच म्हातारा झालाय.”

नवा कॉम्प्रेसर, जोडकाम आणि वायू यांचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत होता. नातीने वहीत आणखी एक हिशेब मांडला. दुकानातील एका नव्या कपाटाच्या चिठ्ठीवर वर्षाला २०० युनिटे असा आकडा होता. म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक. जुन्या यंत्राची २.४ युनिटे त्याच्या चौपटीहून जास्त! या चिठ्ठीवर ताऱ्यांची चिन्हेही असतात. त्यांची मोजपट्टी मधूनमधून कडक केली जाते, त्यामुळे जुन्या सालातील पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नव्हेत. युनिटांचा आकडाच पाहावा. यंत्राच्या पाटीवर हवामानाचा वर्गही दिलेला असतो. ‘एन’ वर्गाचे यंत्र ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंत बनविलेले असते. आपल्या उन्हाळ्याला शेवटचा वर्ग मानवतो. घराला लागते त्याहून मोठे कपाट घेण्यात मात्र शोभेपलीकडे काही साधत नाही.

नव्या यंत्रात आयसोब्युटेन होते, अवघे काही दशक ग्रॅम. ते ओझोनला अपाय करीत नाही आणि पृथ्वीलाही फारसे तापवीत नाही, पण ज्वालाग्राही आहे. म्हणून अशा यंत्राच्या नळ्यांना जाणत्या कारागिराखेरीज कोणी हात लावू नये. वाहनातून येताना कपाट कलंडले होते, तेव्हा कॉम्प्रेसरमधील तेल तळाशी उतरावे म्हणून ते काही तास उभे ठेवून मगच सुरू केले. शेगडीपासून दूर, उन्हाबाहेर आणि भिंतीपासून अंतर राखून त्याची जागा ठरली. जुने कपाट भंगारवाल्याला न देता ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठविण्यात आले. ते नेईपर्यंत दोन दिवस व्हरांड्यात होते; खेळता खेळता एखादे मूल आत अडकू नये म्हणून आजोबांनी आधी त्याचे दार उतरवून ठेवले.

दुसऱ्या सकाळी पेल्यातील पारा ५ अंशांवर होता. आजीच्या बाटल्या औषधविक्रेत्याकडून घरी आल्या आणि मधल्या फळीवर, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवल्या गेल्या. पुढील महिनाभरात तिची साखरही हळूहळू खाली आली.

मातीची दोन भांडी मात्र नातीने फेकू दिली नाहीत. चैत्रात दुपारी बाहेर ३७ अंश असता आतल्या भांड्यात २५ अंश असत. जूनमध्ये कोयनेच्या खोऱ्यात धुके उतरले, पावसाची झड लागली आणि हवा बाष्पाने भरून गेली. तिने पुन्हा तापमापक ठेवून पाहिला. वाळू ओलीच होती, फडकेही ओलेच होते. पण बाहेर २३ अंश आणि आतही जवळजवळ तितकेच. हवेत वाफेला जागाच उरली नव्हती. तिने वहीत तारीख घालून तेही दोन आकडे लिहून ठेवले.